जुन्या मोटारींचे इग्निशन कुलूप

इग्निशन कुलूप हे मोटारीच्या इंजिनाचा प्रज्वलन-विद्युत्‌प्रवाह किल्लीच्या साहाय्याने सुरू व बंद करणारे उपकरण आहे. बोलीभाषेत त्याला ‘चावीचा स्विच’ किंवा नुसते ‘इग्निशन’ असे म्हणतात. हे एकच उपकरण दिसत असले तरी त्यात दोन स्वतंत्र भाग असतात. पुढचा भाग म्हणजे किल्ली ओळखणारे यांत्रिक कुलूप आणि मागचा भाग म्हणजे प्रवाह जोडणारा विद्युत स्विच. जुन्या मोटारीचे ‘कुलूप खराब झाले’ असे म्हटले जाते तेव्हा बहुधा या दोहोंपैकी एकच भाग, आणि कित्येकदा केवळ किल्ली, झिजलेली असते. त्यामुळे संपूर्ण कुलूप बदलणे हा पहिला नव्हे तर शेवटचा उपाय मानला जातो. मोटार जितकी जुनी व मूळ स्थितीत असेल तितका हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण एकदा टाकून दिलेले मूळ कुलूप आणि त्यावरील क्रमांक पुन्हा मिळत नाही.

खानदेशात, म्हणजे प्रामुख्याने जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, फियाट ११०० व तिचाच पुढील अवतार असलेली प्रीमियर पद्मिनी, हिंदुस्तान ॲम्बॅसडर आणि महिंद्र जीप या गाड्यांच्या संदर्भात हा विषय येतो.

पार्श्वभूमी

सुरुवातीच्या मोटारींना आजच्या अर्थाने इग्निशन कुलूप नव्हते. इंजिन हँडल मारून सुरू करावे लागे आणि प्रज्वलनासाठी एक साधा स्विच असे. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत स्टार्टर १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत बसवण्यात आला. तरीही पुढची सुमारे चार दशके किल्लीने फक्त प्रज्वलन सुरू होई. स्टार्टरसाठी वेगळे बटण, ओढायची मूठ किंवा पायाने दाबायचा खटका असे. किल्लीच फिरवून इंजिन सुरू करण्याची सोय क्रायस्लर कंपनीने १९४९ मध्ये आणली. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपमध्ये तर पुढे किल्लीच काढून टाकण्यात आली व त्या जागी साधी फिरवायची मूठ बसवण्यात आली. रणांगणावर किल्ली हरवणे हा गाडी चोरीला जाण्यापेक्षा मोठा धोका होता.

भारतात वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात फियाटच्या परवान्याने तयार होणारी मोटार १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. हिंदुस्तान मोटर्सच्या पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यातून ॲम्बॅसडर २०१४ पर्यंत बाहेर पडत होती. पद्मिनीची परंपरा इटालियन, ॲम्बॅसडरची इंग्रजी आणि जीपची अमेरिकी. तारांचे रंग, जोडणीच्या टोकांवरील खुणा आणि कुलूप खोलण्याची रीत या तिन्ही परंपरांत वेगवेगळी आहे. म्हणूनच एका गाडीवर हात बसलेला मिस्त्री दुसऱ्या गाडीच्या डॅशबोर्डमागे अडखळू शकतो.

रचना

यांत्रिक भागात एक फिरणारी नळी असते. तिला कारागीर ‘बॅरल’ म्हणतात. तिच्या आडव्या खाचांमध्ये पितळेच्या पातळ पट्ट्या स्प्रिंगच्या जोरावर बसवलेल्या असतात. प्रत्येक पट्टीच्या मध्यभागी चौकोनी खिडकी असते आणि किल्ली या खिडक्यांतून आत जाते. किल्लीवरील दाते योग्य खोलीचे असतील तर सर्व पट्ट्या बॅरलच्या पृष्ठभागाशी समपातळीत येतात आणि बॅरल फिरते. एखादी पट्टी केसभर जरी बाहेर राहिली तरी ती बाहेरच्या कवचाच्या खाचेत अडकते. घराच्या दाराच्या कुलपात बहुधा गोल खिळ्यांची रचना असते. मोटारीत पट्ट्यांची रचना स्वस्त, आटोपशीर आणि धक्के सहन करणारी म्हणून रूढ झाली.

बॅरलच्या शेपटाला मागचा विद्युत स्विच जोडलेला असतो. त्यात तांब्याच्या किंवा पितळेच्या स्पर्शिका असतात. बॅटरीकडून आलेला प्रवाह या स्पर्शिका किल्लीच्या स्थितीनुसार वेगवेगळ्या तारांकडे वळवतात. पूर्ण विकसित रूपात चार स्थिती असतात. त्या म्हणजे बंद, रेडिओसारखी जोड उपकरणे, प्रज्वलन आणि स्टार्ट. यांपैकी शेवटच्या स्थितीत किल्ली हाताने धरून ठेवावी लागते. सोडताच ती स्प्रिंगने मागे येते.

फियाटसह युरोपीय मोटारींच्या स्विचवर ३०, १५ व ५० हे आकडे आढळतात. ३० म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली तार, १५ म्हणजे प्रज्वलन आणि ५० म्हणजे स्टार्टर. इंग्रजी पद्धतीत आकड्यांऐवजी तारांच्या रंगांवर भर असतो. बॅटरीची तार तपकिरी, प्रज्वलनाची पांढरी, स्टार्टरची पांढऱ्यावर लाल रेघ असलेली आणि प्रज्वलनावरून फ्यूजमार्गे पुढे जाणारी हिरवी असते. अर्थात पन्नास वर्षांत अनेक हातांनी दुरुस्त झालेल्या गाडीत मूळ रंग टिकलेले असतीलच असे नाही, त्यामुळे रंगावर विसंबून जोडणी करणे धोक्याचे ठरते.

झीज

किल्ली पितळेची किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या पितळेची असते, आणि हजारो वेळा आत-बाहेर करताना तिच्या दात्यांच्या कडा गोलावतात. पट्ट्याही घासतात, पण किल्लीपेक्षा सावकाश. तिसरी झीज बॅरल आणि कवच यांच्यामध्ये होते. कवच पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असते. ते वयोमानाने ठिसूळ होते व त्याला भेगा पडतात.

झीज वाढवणारे सर्वांत सामान्य कारण म्हणजे किल्ल्यांचा जड जुडगा. घर, दुकान, गोदाम आणि तिजोरी यांच्या किल्ल्या एकाच कडीत ओवून ती कडी गाडीला लटकवली, की खडबडीत रस्त्यावर तिचे सारे वजन बॅरलवर हेलकावे घेत राहते. डॅशबोर्डवरील कुलपात त्यामुळे बॅरल एका बाजूने खाल्ले जाते.

खानदेशात यात धूळ आणि उष्णतेची भर पडते. तापी खोऱ्यातील काळी माती उन्हाळ्यात भुगा होऊन उडते, आणि जळगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी अधिक तापतो. कुलूप जड चालू लागले की त्यात इंजिनचे तेल किंवा ग्रीस सोडण्याची सवय सर्वत्र आढळते. काही दिवस कुलूप सुरळीत फिरते, पण पुढे तेलात मिसळलेली धूळ घासकागदासारखे काम करते आणि उष्णतेने तेल आटल्यावर तिचा चिकट थर पट्ट्यांच्या खाचांत बसतो. त्यामुळे कुलपात तेलाऐवजी कोरडी ग्रॅफाइट पूड वापरण्याची शिफारस केली जाते. शिसपेन्सिलीचे टोक किल्लीवर घासून ती चार-सहा वेळा आत-बाहेर करणे ही याचीच घरगुती आवृत्ती होय. ग्रॅफाइट विजेचे वाहक असल्याने ते भरमसाट ओतू नये. जादा पूड मागच्या स्विचमध्ये उतरल्यास नको तेथे प्रवाह वाहू शकतो.

विद्युत भागाची झीज वेगळी असते. जुन्या गाड्यांत रिले फारच कमी असल्याने बराचसा प्रवाह प्रत्यक्ष स्विचमधूनच जातो. स्पर्शिकांवर ठिणग्यांनी खड्डे पडतात, रोध वाढतो आणि स्विच तापतो. ६ व्होल्टच्या गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ सुरुवातीच्या विलीज जीपमध्ये, हा प्रश्न अधिक तीव्र असतो, कारण तेवढ्याच कामासाठी १२ व्होल्टच्या गाडीपेक्षा दुप्पट प्रवाह लागतो. ६० वॅटच्या भाराला १२ व्होल्टवर ५ अँपिअर पुरतात, तर ६ व्होल्टवर १० अँपिअर लागतात.

दोष ओळखणे

किल्ली आत जाते पण फिरत नाही, हलवून-हलवून मगच फिरते, किंवा इंजिन चालू असताना बाहेर निघते, ही यांत्रिक झिजेची लक्षणे आहेत. किल्ली व्यवस्थित फिरते पण दिवे मंदावतात, इंजिन मध्येच बंद पडते किंवा किल्ली किंचित हलवल्यावर पुन्हा चालू होते, ही विद्युत भागाची लक्षणे होत. दुसऱ्या प्रकारात प्रज्वलन सुरू ठेवून बॅटरीची तार जोडलेले टोक आणि प्रज्वलनाचे टोक यांच्यामध्ये व्होल्टमीटर लावतात. चांगल्या स्विचमध्ये हे अंतर शून्याच्या जवळ असते. ते अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेल्यास स्पर्शिका खराब झाल्या असे समजावे. चाचणी लांबवू नये. इंजिन बंद असताना प्रज्वलन चालू राहिले आणि वितरकातील प्लॅटिनम पॉइंट मिटलेले असले, तर कॉइलमधून सतत प्रवाह वाहून ती तापते.

स्टार्टच्या स्थितीतून किल्ली मागे न येणे हा दोष सर्वांत तातडीचा मानावा लागतो. इंजिन सुरू झाल्यावरही स्टार्टर फिरत राहतो आणि काही क्षणांत त्याची वेटोळी व दाते निकामी होऊ शकतात.

यांत्रिक दोषात प्रथम दुसरी, कमी वापरलेली किल्ली लावून पाहतात. ती सहज चालली तर कुलूप बदलण्याची गरज नसते. दुसरी किल्ली नसल्यास झिजलेल्या किल्लीवरून नवी पाडून घेण्याचा मोह होतो. पण यंत्र झिजलेल्या दात्यांचीच हुबेहूब नक्कल करते, त्यामुळे नवी किल्लीही जन्मतः जुनी असते.

किल्लीचा क्रमांक

मूळ दात्यांची माप-संज्ञा किल्लीवर किंवा कुलपाच्या दर्शनी भागावर कोरलेल्या क्रमांकात दडलेली असते. इंग्रजी परंपरेच्या गाड्यांत एफएस, एफए, एमआरएन अशी अक्षरे व पुढे अंक आढळतात. या क्रमांकावरून मूळ खोलीची किल्ली नव्याने कापता येते. एमआरएन मालिकेत केवळ १ ते ५० इतकेच प्रकार होते, म्हणजे एकाच गावातील दोन गाड्यांना एकच किल्ली लागू पडणे मुळीच अशक्य नव्हते. जुन्या इग्निशन कुलपाला चोरीविरुद्धचे भक्कम संरक्षण समजणे म्हणूनच चुकीचे आहे.

क्रमांक पुसला गेला असेल तर अनुभवी चावीवाले दुसरी वाट धरतात. अनेक मोटारींत दरवाजा, डिकी आणि इग्निशन यांना एकच किल्ली असे. चालकाच्या बाजूचे कुलूप रोज वापरले जाते, पण दुसऱ्या दाराचे किंवा डिकीचे कुलूप क्वचितच उघडले जाते. ते खोलून त्यातील न झिजलेल्या पट्ट्यांची मापे घेतली की मूळ किल्लीचे दाते कळतात. हे काम तासाभराचे असते आणि त्यासाठी कोणताही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही. तरी ते फारसे केले जात नाही, याचे कारण नवीन स्विच बसवणे गॅरेजला अधिक सोपे जाते.

बदलण्याची पद्धत

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे भूमीला जोडलेले टोक काढणे अनिवार्य आहे. जुन्या गाड्यांत बॅटरीपासून इग्निशन स्विचपर्यंतच्या मुख्य तारेला बहुधा फ्यूज नसतो. ही तार सुटून धातूच्या डॅशबोर्डला टेकली तर तारांच्या जुडीला आग लागू शकते, आणि कापडी वेष्टनाच्या तारा सुक्या काडीसारख्या पेटतात. भूमीचे टोक कोणते हे आधी पाहावे लागते. इंग्रजी परंपरेच्या अनेक जुन्या गाड्यांत आजच्या उलट धन टोक भूमीला जोडलेले असते. साध्या स्विचला धन-ऋणाचा फरक पडत नाही. मात्र त्यासोबत एखादा आधुनिक इलेक्ट्रॉनिक भाग बसवायचा असल्यास पडतो.

त्यानंतर प्रत्येक तारेवर कागदी चिठ्ठी बांधून ती कोणत्या टोकावर होती याची नोंद करतात व छायाचित्र काढून ठेवतात. डॅशबोर्डवरील कुलूप बहुतेक गाड्यांत पुढच्या बाजूने आट्यांच्या कड्याने आवळलेले असते. कड्याला दोन खाचा असतात. त्यांत बसणारे दोन टोकांचे अवजार वापरावे. पकडीने फिरवल्यास कडे आणि भोवतीचा रंग दोन्ही ओरबाडले जातात. कडे निघाल्यावर स्विच मागे ढकलून डॅशबोर्डच्या खालून बाहेर घेतात.

इंग्रजी बनावटीच्या लूकस स्विचमध्ये कवचाच्या बाजूला एक बारीक छिद्र असते. किल्ली घालून ती किंचित फिरवली आणि या छिद्रातून पातळ तार आत दाबली, की आतील खटका दबतो व बॅरल किल्लीसह पुढून बाहेर येते. या सोयीमुळे मूळ बॅरल नव्या स्विचमध्ये बसवता येते, आणि दर्शनी भाग व किल्ली तीच राहते. हे छिद्र रंग व मळाने बुजलेले असल्याने अनेकांच्या लक्षात येत नाही, आणि निष्कारण ड्रिल चालवले जाते.

बॅरल बाहेर आल्यावर पट्ट्या त्यांच्या क्रमानेच काढाव्यात. रॉकेल किंवा पेट्रोलने धुऊन, पूर्ण कोरड्या करून, स्प्रिंगा तपासून त्या परत बसवतात. झिजलेल्या पट्ट्यांच्या जागी योग्य मापाच्या नव्या पट्ट्या घातल्या तर कुलूप पूर्ववत होते. बाहेर आलेल्या पट्ट्यांची टोके कानशीने घासून ‘कुलूप मोकळे’ करण्याची एक पद्धत प्रचलित आहे. त्यानंतर कुलूप फिरते खरे, पण ते पेचकसाच्या टोकानेही फिरू लागते.

सुकाणूच्या दांड्यावर बसवलेली कुलपे ही वेगळी बाब आहे. पश्चिम जर्मनीत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस, तर अमेरिकेत १९७० च्या मॉडेलपासून सुकाणू जखडणारे कुलूप नियमाने आवश्यक झाले. अशी कुलपे ज्या बोल्टांनी बसवतात त्यांची डोकी आवळताना मुद्दाम तुटतात, जेणेकरून चोराला ती उघडता येऊ नयेत. ती काढण्यासाठी बोल्टाच्या मध्यभागी छिद्र पाडून उलट्या आट्यांच्या अवजाराने तो फिरवावा लागतो. असे कुलूप झिजलेले असताना गाडी चालवणे विशेष धोक्याचे आहे, कारण चालत्या गाडीत किल्ली निघाली तर सुकाणू जखडू शकते.

जोडणी पूर्ण झाल्यावर बॅटरी लगेच पूर्णपणे जोडण्याऐवजी तिच्या मार्गात एक छोटा बल्ब मालिकेत लावून पाहतात. किल्ली बंद असताना बल्ब उजळला तर कोठेतरी चुकीची जोडणी आहे असे समजते, आणि तारा वाचतात.

‘डायरेक्ट’ जोडणी

कुलूप बिघडल्यावर ते बाजूला ठेवून बॅटरीची तार एका खटक्यातून प्रज्वलनाकडे आणि दाबाच्या बटणातून स्टार्टरकडे नेणे याला गॅरेजच्या भाषेत गाडी ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात. प्रवासी आणि शेतमाल वाहणाऱ्या जुन्या जीपमध्ये अशी बटणे नेहमी दिसतात. जेथे प्रत्येक फेरीवर त्या दिवसाची कमाई अवलंबून असते, तेथे सुट्या भागाची वाट पाहणे परवडत नाही, हे त्यामागचे सरळ कारण. मात्र घरगुती विजेचा खटका मोटारीच्या अखंड एकदिश प्रवाहासाठी बनवलेला नसतो. तो तापतो व वितळतो, आणि आत फ्यूज नसल्यास आग लागते. अशी जोडणी तात्पुरती ठेवायची झाल्यास मुख्य तारेत फ्यूज आणि स्टार्टरसाठी रिले असणे ही किमान गरज आहे.

झिजलेल्या किंवा सदोष इग्निशन स्विचमुळे काय होऊ शकते याचे सर्वांत गाजलेले उदाहरण जुन्या नव्हे तर आधुनिक मोटारींचे आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने २०१४ मध्ये सुमारे २६ लाख मोटारी परत मागवल्या. त्यांच्या स्विचमधील खटका इतका सैल होता की जड जुडग्याच्या ओढीने किंवा धक्क्याने किल्ली चालत्या गाडीत मागे सरके. त्यासरशी इंजिन बंद पडे, सुकाणू जड होई आणि हवेच्या संरक्षक पिशव्याही निष्क्रिय होत. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

सुटे भाग

धुळे येथे मुंबई–आग्रा मार्ग आणि सुरतहून जळगावमार्गे नागपूरकडे जाणारा मार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे तेथे वाहन-दुरुस्तीचा व्यवसाय मोठा आहे. पण बंद पडलेल्या मॉडेलचे मूळ भाग शोधण्यासाठी खानदेशातील गाडीमालकाला बहुधा मुंबई गाठावी लागते. कुर्ला परिसरातील भंगार बाजार आणि चोरबाजार ही त्यासाठीची जुनी ठिकाणे होत. मुंबईत टॅक्सींसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने, ताडदेव येथे २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर सेवेतून बाहेर पडली. अशा टॅक्सींचे भाग बाजारात आलेले आहेत. टॅक्सीचे इंजिन दिवसातून कित्येक वेळा बंद-चालू होत असल्याने तिचे इग्निशन कुलूप मात्र घरगुती गाडीच्या कुलपापेक्षा अधिक झिजलेले असते. जुना स्विच घेताना तो हातात धरून किल्ली आडवी हलवून पाहावी. बॅरल डुगडुगत असेल तर तो घेण्यात अर्थ नाही.

नोंदणी व कायदेशीर बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या, खासगी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अशा वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षे आहे. १९७४ मध्ये नोंदलेल्या पद्मिनी २०२४ पासून या व्याख्येत बसू लागल्या. वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. इग्निशन कुलूप बदलल्याने ती मोडत नाही. तरीही प्रदर्शनांत व खरेदी-विक्रीत मूळ कुलूप, क्रमांक कोरलेली किल्ली आणि दारांशी जुळणारा संच यांना वेगळे मोल असते, म्हणून काढलेला भाग गाडीच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवण्याची प्रथा संग्राहकांत आहे.

कुलूप किंवा किल्ली बदलल्याची पावती ठेवणेही उपयुक्त असते. गाडी चोरीस गेल्यास विमा कंपन्या दाव्यासोबत सर्व मूळ किल्ल्या मागतात, आणि एखादी किल्ली कमी असल्यास खुलासा द्यावा लागतो. सावध चावीवाला किल्लीविना आलेल्या गाडीचे काम हाती घेण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्र पाहतो. १९८९ च्या नियमांपूर्वी नोंदलेल्या गाड्यांच्या प्रमाणपत्रांवर एमएच-१८ (धुळे) किंवा एमएच-१९ (जळगाव) याऐवजी तीन अक्षरी जुने क्रमांक असतात. अशा गाडीची पाटी आणि प्रमाणपत्र यांचा मेळ बसतो की नाही हे पाहणे त्यामुळे अधिक गरजेचे ठरते.